जिवंत मेंढ्यांची जहाजं: मेलेल्या मोजायच्या की जगलेल्या?

दक्षिणवारा (धागाकर्ता)

ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरातल्या एका सकाळी दार उघडलं आणि मेंढवाड्याचा वास आला. लेंड्या, मूत, ओली लोकर. माझं आजोळ माण तालुक्यातलं. ज्वारी निघाली की आजोबा शेतात मेंढरं बसवायचे. रात्री ओसरीवर झोपलं की वाघुरीपलीकडून, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणापलीकडून, हाच वास यायचा, त्यामुळे ओळखायला क्षणही लागला नाही. पण इथे समुद्रकिनाऱ्यावर, कॉफीच्या दुकानांच्या गावात? खाली चालत गेलो तर धक्क्याला एक उंच जहाज लागलेलं. मजल्यावर मजले, आणि प्रत्येक मजल्याच्या गजांमागे मेंढ्या. तीन-तीन मजली ट्रक रांगेत उभे राहून आणखी मेंढ्या चढवत होते.

हा धागा त्या जहाजांबद्दल आहे. इथे शेतीशी, गुरांशी, जहाजांशी संबंध असलेले बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम इथेच लिहितोय.

१९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातून वर्षाला साठ लाखांहून जास्त जिवंत मेंढ्या समुद्रमार्गे आखातात जायच्या. अलीकडे हा आकडा पाच लाखांच्या आसपास आलाय आणि जवळजवळ सगळा माल फ्रीमँटलमधूनच जातो. प्रवास दोन-अडीच आठवड्यांचा. आता घोळ कुठे आहे तो बघा. आपला आषाढ-श्रावण म्हणजे इथला ऐन हिवाळा. इथल्या मेंढीच्या अंगाला थंडीची सवय झालेली असते. ती जहाजावर चढते, विषुववृत्त ओलांडते आणि पंधरा-वीस दिवसांत इराणच्या आखातात, ऑगस्टमध्ये, जाऊन पोचते. अंगाला सवय व्हायला वेळच मिळत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये 'अवासी एक्सप्रेस' नावाचं जहाज ६३,८०४ मेंढ्या घेऊन निघालं. उष्म्याने सुमारे २,४०० मेल्या. त्या जहाजावर फैसल उल्ला नावाचा एक तरुण पाकिस्तानी शिकाऊ अधिकारी होता. त्याने त्या वर्षीच्या फेऱ्यांमध्ये फोनवर चित्रण केलं होतं आणि एप्रिल २०१८ मध्ये ते इथल्या टीव्हीवर दाखवलं गेलं. तोंड उघडं टाकून, मान वर ताणून धापणाऱ्या मेंढ्या. पायाखाली शेणाचा चिखल, त्यात रुतून बसलेल्या. प्रवासातच जन्मलेली कोकरं. बघवत नाही. ते बघून देश हादरला.

पण मला खरी टोचली ती आकड्यांची गोष्ट. तेव्हाचा नियम असा होता की २ टक्क्यांहून जास्त मेंढ्या मेल्या तरच ती कळवण्याजोगी घटना धरायची, मगच चौकशी. म्हणजे त्या फेरीत १,२७६ पर्यंत मेल्या असत्या, तर कागदोपत्री तो प्रवास नीट पार पडला असता. आणि ज्या ६१,४०० जगल्या, त्या कुठे होत्या? त्याच मजल्यांवर, त्याच हवेत, त्याच चिखलात. त्यांची नोंद 'सुखरूप पोचल्या' अशी.

माझं म्हणणं एवढंच: मरतुक हे हालाचं माप नाही. तुम्हाला काय वाटतं?

गोठा

धागा चांगला आहे, पण एक स्पष्ट बोलतो. ऑस्ट्रेलियातल्या जहाजावर हळहळणारे आपण रोज हायवेवर कोंबून भरलेले ट्रक बघतो आणि काच वर करतो. आधी स्वतःचं घर झाडा. दुसरं, ज्या शेतकऱ्याने ती मेंढी पोसली त्याच्याकडेही बघा. निर्यात बंद झाली की भाव पडतो आणि भाव पडला की पहिला मरतो तो शेतकरी.

दक्षिणवारा

गोठा, तुमचा राग समजतो. आणि ट्रकचा मुद्दा शंभर टक्के मान्य, या धाग्यात तोही येऊ दे. शेतकऱ्यांचं म्हणाल तर इथेही तेच चाललंय. १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणं बंद, असा कायदा जुलै २०२४ मध्ये झाला. त्यावर पश्चिम ऑस्ट्रेलियातले मेंढपाळ चिडून आहेत, पर्थच्या रस्त्यांवर ट्रकचे मोर्चे निघाले. सरकारने बदलासाठी आधी १०.७ कोटी डॉलर जाहीर केले, मग रक्कम वाढवली. तरी त्यांचं समाधान नाही. मी ज्यांच्याशी बोललो ती माणसं कसाई वृत्तीची नाहीत. एक म्हातारा मला म्हणाला, माझ्या शेतावर मेंढीला धाप लागली तर मी सावली शोधतो. जहाजावर चढल्यावर ती माझी राहत नाही. माझ्या मते सगळी अडचण या वाक्यात आहे. मालकी बदलत जाते, मेंढी तीच असते.

इंजिनरूम

मी दापोलीकडचा. एका गुरं-मेंढ्यांच्या जहाजावर नऊ महिने तिसरा इंजिनियर होतो. नाव, कंपनी लिहीत नाही. जे पाहिलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, यातली बरीच जहाजं मुळात या कामासाठी बांधलेलीच नाहीत. मोटारी वाहायची जुनी जहाजं घ्यायची आणि मध्ये मजले घालून जनावरांसाठी फिरवायची. आमचंही तसंच होतं. खालचे मजले बंदिस्त, तिथे हवा फक्त ब्लोअरची. वरचे मजले बाजूंनी उघडे, तिथे दर्याचा वारा. कागदावर छान वाटतं. पण वारा मागून असेल आणि जहाजाच्याच वेगाचा असेल, तर उघड्या मजल्यावर पान हलत नाही. मग कॅप्टन जहाज नागमोडी चालवतो, आडवा वारा मिळावा म्हणून. इंधन जळतं, वेळ जातो, वरून फोन येतात. आमचा कॅप्टन तरी नागमोडी चालवायचा. त्याबद्दल मला त्याचा आजही आदर आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. मेंढीला उकाड्यात पाच लिटर धरा. साठ हजार मेंढ्या म्हणजे दिवसाला तीन लाख लिटर गोडं पाणी, तेही समुद्राच्या पाण्यातून जहाजावरच तयार करायचं. तो प्लांट अर्धा दिवस बंद पडला तर काय होतं याची भीती आम्हा इंजिनवाल्यांच्या पोटात कायम असायची.

तिसरी गोष्ट मी विसरू शकत नाही. ब्लोअरच्या नळाचं तोंड जिथे उघडतं त्या कप्प्यातल्या मेंढ्या शांत रवंथ करत बसलेल्या असायच्या. तिथून चार कप्पे पुढे गेलं की सगळ्यांची तोंडं उघडी, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. मधलं अंतर दहा-बारा पावलं. एक मेंढी गजातून नाक बाहेर काढून नळाच्या दिशेने धरून उभी होती. मी पहाटेच्या वॉचनंतर बघितली तेव्हाही तशीच आणि दुपारी चारला गेलो तेव्हाही तशीच. ती बसली तर तिची जागा दुसरी घेणार होती.

सकाळी मजल्यानुसार मेलेल्या मोजायच्या, पाय बांधून वर ओढायच्या, समुद्रात टाकायच्या. त्या उष्म्यात प्रेत इतकं लवकर सडतं की मोजदादही कधी कधी अंदाजाने. तेव्हा दक्षिणवारा म्हणतात ते खरं आहे, आणि वर हेही की मेलेल्यांचा आकडासुद्धा तितका पक्का नसतो.

आखातकर

कुवेतला वीस वर्षं झाली. ऑगस्टमध्ये इथे एसी गाडीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा होतो, पुसून पुसून थकतो माणूस. पारा ४८ असताना कोरडी हवा परवडते, पण समुद्राकडून दमट वारा सुटला की पारा ३८ असूनही जीव घाबरा होतो. घाम येतो, वाळत मात्र नाही. मेंढीला तर घामाचाही आधार फारसा नाही. ती धापेवर जगते.

इथली मागणी समजून घ्या. ईदला कुर्बानी डोळ्यांसमोर, जिवंत जनावराची, ही श्रद्धेची बाब आहे आणि ती मी आदराने सांगतो. पण वर्षभर जे मटण खाल्लं जातं त्यातलं बरंचसं आता सुपरमार्केटच्या थंड कपाटातून येतं. ऑस्ट्रेलियात कापलेलं, विमानाने आणलेलं. माझे कुवेती शेजारीही तेच घेतात. म्हणजे मांस पोचवायला मेंढी जिवंतच आणावी लागते हे आता खरं राहिलेलं नाही.

वाघूर

मी जत तालुक्यातला, जातीनं धनगर. घरात माडग्याळ जातीची मेंढरं आहेत. आमच्यात 'ओल्या हवेचा उकाडा' कोण मोजत नाही, पण कळतं. चैत्र-वैशाखात दुपारी मेंढरं चरायचं थांबतात, गोल करून उभी राहतात आणि एकमेकींच्या पोटाखाली तोंड घालतात. डोस्क्याला सावली पाहिजे म्हणून. अशा वेळी त्यांना हाकायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक. माझा आजा म्हणायचा, तोंड उघडलेल्या मेंढराला पाणी दाव, काठी दावू नको.

जहाजावर पोटाखाली तोंड घालायला तरी जागा असते का? आणि तिथं दिवसरात्र तसंच राहतं का रात्री गार होतं? आमच्याकडं दिवस कितीही तापला तरी रात्री मेंढरू सावरतं.

डॉक्टर_गुरांचे

वाघूर, तुम्ही नेमकं विचारलंत. रात्री गार होत नाही, हेच मुख्य कारण.

मेंढीच्या शरीराचं तापमान ३९ अंशांच्या आसपास असतं. उष्णता बाहेर टाकायचा तिचा मोठा मार्ग म्हणजे श्वासावाटे पाण्याची वाफ. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर धापून उपयोग होत नाही. म्हणून नुसता पारा बघायचा नसतो. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून जो आकडा मिळतो, तो बघायचा. त्याला वेट बल्ब म्हणतात. तो २८-३०च्या वर गेला की थंडीतून आलेल्या मेरिनो जातीच्या मेंढीला त्रास सुरू होतो. गावाकडे दिवसा हा आकडा चढला तरी पहाटे उतरतो, आणि तेवढ्यात मेंढी साठलेली उष्णता सोडते. आखातात, त्यातून हजारो जनावरांचा श्वास कोंडलेल्या मजल्यावर, तो रात्रीही उतरत नाही. दुसऱ्या दिवशीची उष्णता पहिल्या दिवशीच्या उष्णतेवर चढते.

त्यात पायाखालची गादी. मेंढ्यांचे मजले प्रवासात धूत नाहीत. लेंड्या तुडवून त्यांचा कोरडा थर होतो, एरवी तो मऊ आणि बरा असतो. दमट हवेत तोच थर पातळ होतो, अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, लोकर चिकटते. बसलेली मेंढी उठू शकत नाही.

आणखी एक, ज्याचं चित्रण कोणी टीव्हीवर दाखवत नाही. साध्या, 'चांगल्या' फेरीत मेंढ्या उष्म्याने कमी आणि उपाशी राहून जास्त मरतात. कुरणात चरलेल्या मेंढीला जहाजावर गोळीपेंड मिळते. बहुतेक शिकतात. काही शिकतच नाहीत. गव्हाण भरलेली असते, शेजारीण खात असते, ही मात्र तोंड लावत नाही. चार-पाच दिवस पोट रिकामं राहिलं की साल्मोनेला नावाचा जंतू आतड्यात पसरतो आणि मग ती जाते. बंदराजवळच्या वाड्यात आधी काही दिवस ठेवून गोळी खायला लावतात ते याचसाठी. तिथेच न खाणारी ओळखून परत पाठवली तर जीव वाचतो. पण हजारोंच्या कळपात एक न खाणारी ओळखायला ज्याला मेंढी कळते असा माणूस हवा. यंत्राने ते होत नाही.

गोठा

डॉक्टर, हे पटलं. न खाणारी शेळी माझ्या गोठ्यात दुसऱ्या दिवशी कळते, कारण माझ्याकडे चाळीस आहेत. साठ हजारांत कशी कळणार.

वऱ्हाडी

मी नागपूरचा. २०१८ च्या जूनअखेर नागपूर विमानतळावरून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला पाठवायचं ठरलं होतं. तेव्हाचे राज्यसभा खासदार डॉ. विकास महात्मे यांचा पुढाकार होता, धनगर समाजाला भाव मिळावा हा हेतू. जैन समाज आणि प्राणिप्रेमी संघटनांनी विरोध केला आणि कार्यक्रम लांबणीवर पडला. माझे जैन मित्र आहेत, धनगर मित्रही आहेत. त्या आठवड्यात दोन्हीकडे जेवलो आणि दोन्हीकडे मन दुखलेली माणसं पाहिली. एक म्हणे, आमच्या शहरातून हे पाप नको. दुसरा म्हणे, आमच्या घासावर पाय देता.

आज हा धागा वाचून वाटतं, मी तेव्हा कोणालाच विचारलं नाही की विमानात जनावर किती तास, किती उष्म्यात, पाण्याशिवाय राहणार. खरं तर विमानाचा प्रवास काही तासांचा, जहाजाच्या मानाने कितीतरी बरा. नाशिकच्या ओझरहूनही अशी निर्यात झालेली आहे. कच्छच्या तुणा बंदरातून समुद्रमार्गे व्हायची, तीवर गुजरात सरकारने २०१८ च्या डिसेंबरात बंदी घातली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आणि २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने पशुधन आयात-निर्यातीच्या नव्या विधेयकाचा मसुदा काढला, गदारोळ झाल्यावर काही दिवसांत मागे घेतला. पाठवायचं की नाही यावर आपण दर वेळी भांडतो. कसं पाठवायचं इथवर बोलणं येतच नाही.

इंजिनरूम

वऱ्हाडी यांच्या बोलण्याला जोडून. जहाजाचा धोका फक्त उष्म्याचा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुमानियाच्या मिडिया बंदराबाहेर 'क्वीन हिंद' कलंडलं, त्यावर १४,६०० मेंढ्या होत्या. जेमतेम १८० वाचल्या. जून २०२२ मध्ये सुदानच्या सुआकिनला एक जहाज धक्क्याशीच बुडालं, पंधरा हजारांवर मेंढ्या गेल्या. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरल्या होत्या.

आणि २ सप्टेंबर २०२० चं 'गल्फ लाइव्हस्टॉक १'. न्यूझीलंडच्या नेपियरहून चीनला ५,८६७ गाई घेऊन निघालेलं. जपानजवळ वादळात इंजिन बंद पडलं आणि जहाज बुडालं. ४३ खलाशांपैकी दोन वाचले. बहुतेक फिलिपिनो होते. मला ती बातमी कळली तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो, अंगणात जाळं विणत बसलेल्या काकांना सांगितली. त्यांनी हात थांबवले आणि विचारलं, "इंजिन बंद पडल्यावर खाली कोण होतं रे?" खाली आमच्यासारखेच असतात. न्यूझीलंडने समुद्रमार्गे जिवंत जनावरं पाठवणं ३० एप्रिल २०२३ पासून बंद केलं. जनावरांच्या हालांवर बोलताना जहाजावरच्या माणसांना विसरू नका एवढंच सांगायचं होतं. ती शेणात, त्याच अमोनियात, त्याच मजल्यांवर काम करतात. फैसल उल्लाही त्यांच्यातलाच.

दक्षिणवारा

इंजिनरूम, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. काकांचा प्रश्न डोक्यातून जाणार नाही.

आणखी एक घटना राहिली, ती सांगतो. २००३ मध्ये 'कॉर्मो एक्सप्रेस' सुमारे ५७,००० मेंढ्या घेऊन सौदीला पोचलं. तोंडावर खवडे आहेत असं म्हणून सौदीने माल नाकारला. मग दुसरा देश शोधत जहाज आठवडेच्या आठवडे समुद्रात. कोणीच घेईना, ऑस्ट्रेलियालाही परत नको होत्या. शेवटी ऑक्टोबरअखेर एरिट्रियाने त्या उतरवून घेतल्या, फुकट. तोवर साडेपाच हजारांवर मेल्या होत्या. मटण असतं तर शीतगृहात थांबलं असतं. जिवंत जनावराला 'थांब' म्हणता येत नाही.

अवासीनंतर काय बदललं तेही लिहितो, कारण काहीच होत नाही असं मला म्हणायचं नाही. कळवण्याची मर्यादा २ वरून १ टक्का झाली. प्रत्येक मेंढीला जागा वाढली. जहाजावर सरकारी निरीक्षक जाऊ लागले. आणि जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आखाताकडच्या फेऱ्या बंद झाल्या. यातला शेवटचा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. कारण पहिल्यांदा कोणीतरी मेलेल्या मोजणं सोडून आधी कॅलेंडर बघितलं. ऑगस्टमध्ये आखात तापतं हे २०१७ मध्ये कळलेलं नाही, ते कायमच माहीत होतं.

आखातकर

+१. आणि जगलेल्या मोजायच्या असतील तर त्या किती धापत होत्या, किती खात होत्या, किती उभ्या राहू शकत नव्हत्या हे रोज लिहावं लागेल. निरीक्षक तेच लिहितात ना?

दक्षिणवारा

हो, त्यांच्या अहवालांत धापेची नोंद असते. तोंड मिटून जलद श्वास, तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, अशा पायऱ्या. वाघूरच्या आजोबांनी हेच दोन शब्दांत सांगितलं होतं.

वाघूर

बरेच दिवसांनी धाग्यावर आलो. डॉक्टरांचं वाचून सांगलीत दोन साधे थर्मामीटर घेतले. एकाला मलमलचं ओलं फडकं गुंडाळलं. बकरी ईदच्या आधी दरवर्षी आमची मेंढरं मुंबईत देवनारला जातात, या खेपेला दोन्ही थर्मामीटर गाडीत मधल्या फळीला टांगले आणि मी मागंच बसलो.

आधी भरतीचं सांगतो. मोटार वाहन नियमात एका शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा लिहिलीय. आमच्या गाडीचा हौदा सतरा बाय सात फूट, म्हणजे अकरा चौरस मीटर. छत्तीस बसतात. आम्ही पन्नास भरत आलो, चुलत्यांच्या काळापासून. या वेळी छत्तीसच भरली. चुलते नाराज झाले, भाडं अंगावर येतं म्हणाले. ते खोटं नाही.

संध्याकाळी सहाला निघालो. कराडला कोरडा ३१, ओला २३. मेंढरं गप उभी, दोन-तीन बसली. खंडाळ्याला कोरडा २५. पहाटे घाट उतरलो तसा दोन्ही आकड्यांतला फरक कमी होत गेला. कळंबोलीजवळ गाडी पाऊण तास उभी राहिली, वारा बंद. कोरडा ३१, ओला २९. कराडलाही पारा ३१ च होता, पण इथं दहा मिनिटांत पहिल्या मेंढराचं तोंड उघडलं. मग दुसऱ्याचं. मी मोजत गेलो, छत्तीसमधल्या चौदांची तोंडं उघडी. गाडी हलली, वारा लागला, देवनारला पोचेस्तोवर नऊ मिटली.

एकही मेलं नाही. दरसालही फार मरत नाहीत, म्हणून कधी मोजलं नव्हतं. आकडे वहीत लिहिलेत. पुढच्या खेपेला कळंबोलीला थांबायचं नाही, रात्री दोनच्या आत ते पार करायचं, म्हणजे जतहून दुपारी एकला निघायला पाहिजे. पण दुपारी एकला आमच्याकडचं ऊन असतं. डॉक्टर, यात काय करावं?

डॉक्टर_गुरांचे

वाघूर, दुपारचं ऊन कोरडं असतं आणि गाडी चालू असते. वर ताडपत्री बांधा, बाजू उघड्या ठेवा, निघण्याआधी पोटभर पाणी पाजा. कराडच्या अलीकडे सावलीत पुन्हा पाणी. आणि ओलं फडकं बदलत राहा, वाळलं की आकडा चुकतो. वहीची पानं फोटो काढून इथे टाका.